धोंडूच्या खणातला कॅमेरा

घाटकोपर ते अंधेरी या पट्ट्यातले वॉचमन नंदकुमार घाडींना जितके ओळखतात, तितके त्यांचे स्वतःचे साडू ओळखत नसतील. अर्थात वॉचमन त्यांना नावानं ओळखत नाहीत. 'ते कॅमेरावाले काका' एवढीच ओळख, आणि तीही प्रेमापेक्षा खबरदारीची. काका लांबून येताना दिसले की टेबलामागचा माणूस सावरून बसतो, कारण आता पाच मिनिटं तरी हुज्जत घालावी लागणार हे त्याला ठाऊक असतं.

घाडी पंतनगरला निमेश शहा नावाच्या सीएकडे कागद पोचवण्याचं काम करतात. सगळा कारभार ऑनलाइन झाला असं आपण वाचतो. पण ऑनलाइन झालेल्या कारभाराचीही एक प्रत कागदावर काढून कुठंतरी नेऊन द्यावी लागते आणि तिच्या दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' असा शिक्का मारून आणावा लागतो. तो शिक्का आणणारा माणूस म्हणजे घाडी. सकाळी बँक, मग जीएसटीचं ऑफिस, मग एखादी कंपनी, मग कधी कोर्ट. वय एकसष्ट. गुडघे बरे आहेत. दिवसाला सहा-सात इमारती होतात, म्हणजे सहा-सात दारं आणि दर दाराला एक प्रश्न: बॅगेत काय आहे?

बॅगेत कागद असतात, डबा असतो, आणि एका जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेला कॅमेरा असतो. रिळाचा. जपानी, धातूचा, नारळाएवढा जड. आधी बावीस वर्षं घाडी पार्ल्यातल्या एका फोटो स्टुडिओत होते. डार्करूम, पासपोर्ट, मुंज, लग्न, साखरपुडा, सगळं केलं. मालक चंदरशेठ थकले, मुलांनी दुकानाचं शटर ओढलं, तेव्हा शेठनी हा कॅमेरा घाडींच्या हातात ठेवला आणि सांगितलं, कपाटात ठेवू नकोस, मरेल.

ते खरं आहे. मुंबईच्या दमट हवेत बंद कपाटात राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. आधी कडेला एक केस दिसतो, मग कोळ्याचं जाळं, मग लेन्स भंगारात. कॅमेऱ्याला उजेड लागतो, वारा लागतो, कळ अधूनमधून दाबावी लागते. भटवाडीतल्या घाडींच्या खोलीत यापैकी काहीच मुबलक नव्हतं. म्हणून ते कॅमेरा रोज कामावर नेत, लोक कुत्र्याला फिरवतात तसा. कुत्रा नेला असता तर अडचण कमी झाली असती.

फोटो ते खुर्च्यांचे काढत. वॉचमनच्या खुर्च्यांचे. प्लास्टिकची, एक पाय मोडलेली, तारेनं बांधलेली, ऑफिसातून हद्दपार झालेली चाकांची, पण चाकं नसलेली, गोणपाट घातलेली, पाठीला कॅलेंडरचा पुठ्ठा लावलेली. माणूस पाणी आणायला किंवा आत गेला की घाडी रस्त्यावर उभे राहून खुर्चीचा एक फोटो घेत. एकच. रीळ महाग झालंय, त्यामुळे छत्तीस फोटो त्यांना चार-पाच महिने पुरत. खुर्च्याच का, असं विचारलं तर म्हणत, माणसाला विचारावं लागतं, खुर्चीला नाही. तक्रार करणारा मिळाला नाही म्हणून कलेला वाव मिळाला, असे कलावंत आणखीही असतील.

दारावर मात्र हा खुलासा चालत नसे. मेट्रो स्टेशनवर बॅग मशीनमधून जाते. घाडी कॅमेरा बाहेर काढून हातात धरत आणि मशीनमध्ये घालू नका, रीळ खराब होतं, अशी विनंती करत. बंदोबस्तावरची मुलगी म्हणे, काका, रोज तेच काय. घाडी म्हणत, अगं, मशीनपण रोजचंच आहे ना. बँकेत वॉचमन कॅमेरा उलटा-सुलटा करून मागचा पडदा शोधत असे. एका कंपनीत तर बाहेर पडताना त्यांना अडवून 'फोटो डिलीट करा' असं फर्मावलं होतं. डिलीट करायचं तर मागचं झाकण उघडावं लागेल आणि मग सगळेच जातील, असं घाडींनी सांगितलं. तिथला मुलगा विचारात पडला. एकच डिलीट करता येत नाही असं यंत्र कोणी बनवलंच कसं, हे त्याला पटेना. शेवटी त्यानं वहीत 'कॅमेरा खराब' अशी नोंद करून सोडून दिलं.

या सगळ्या दारांत सगळ्यात कडक दार चकाल्याच्या एका काचेच्या इमारतीचं होतं. आत कुठल्याशा परदेशी बँकांचे हिशेब चालतात म्हणे. तिथं आत जाणाऱ्याच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर लावतात. मग एका टॅबसमोर उभं करून आत जाणाऱ्याचा फोटो काढतात. मग लिफ्टपर्यंत छताला लावलेले अकरा कॅमेरे त्याच्यावर नजर ठेवतात. आणि भिंतीवर पाटी: 'कॅमेरा आणण्यास सक्त मनाई'. सोडायचा कुठे, याची सोय पाटीवर नव्हती. ज्याच्याकडे कॅमेरा असेल त्यानं बाहेरच्या फाटकावरूनच माघारी जायचं, असा नियम.

पहिल्यांदा घाडी तिथं गेले तेव्हा माघारीच निघाले होते. तेवढ्यात टेबलामागून आवाज आला, "नंदू, खंय चल्लंस?"

तो धोंडू पाताडे होता. कुडाळजवळच्या एकाच वाडीतले दोघं, चौथीपर्यंत एका बाकावर. धोंडूचे वडील गिरणीत होते, ते संपात घरी बसले; धोंडूनं मग चार ठिकाणी चार कामं करून शेवटी सिक्युरिटी एजन्सीचा निळा शर्ट चढवला होता. भांडुपला राहायचा. घाडी आणि तो गावाच्या मुंबई मंडळाच्या मीटिंगला वर्षातून दोनदा भेटत, पण एकमेकांना निळ्या शर्टात आणि कागदांच्या बॅगेसकट असं पहिल्यांदाच पाहत होते. धोंडूनं काही विचारलं नाही. हात पुढे केला, मफलरचं गाठोडं घेतलं आणि टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, लोकांनी विसरलेल्या छत्र्यांच्या मागे ठेवून दिलं.

आमच्या कोकणात हे असंच आहे. कायदा सरकारचा, नियम कंपनीचा, पण दारावर गाववाला असेल तर दार गावचं. गाववाल्याला 'नाही' म्हटलं तर ते चकाल्यात म्हटलेलं नसतं. ते गावच्या देवळाच्या पारावर म्हटलेलं असतं आणि तिथं ते पुढची वीस वर्षं ऐकवलं जातं. धोंडूला घाडींना नाही म्हणणं जमलंच नसतं, आणि त्याला ते जमणार नाही हे घाडींना पक्कं ठाऊक होतं. आठवड्यातून दोनदा, दीड वर्षं, कॅमेरा त्या खणात अर्धा-अर्धा तास राहिला. घाडी म्हणत, अख्ख्या मुंबईत त्याला एवढी सुरक्षित जागा नाही. एसीसुद्धा होता.

मग गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी घाडी वरून शिक्का घेऊन खाली आले, तर टेबलाचे तिन्ही खण उघडे होते.

इमारतीला नवीन सुरक्षा अधिकारी आला होता. सर्वेश त्याचं नाव, वय पस्तिशीचं, इस्त्री कडक. पहिल्याच आठवड्यात त्यानं न सांगता तपासणी काढली होती. छत्र्या जमिनीवर ओळीनं मांडल्या होत्या. एका लेडीज चपलेचा एकच पाय होता. आणि मफलर सोडून कॅमेरा टेबलावर ठेवला होता. धोंडू समोर ताठ उभा होता, शाळेत इन्स्पेक्टर आला की उभा राहायचा तसा.

हा कोणाचा, असं सर्वेशनं विचारलं होतं बहुधा, कारण घाडी लिफ्टमधून बाहेर आले तेव्हा त्यांच्या कानावर उत्तर पडलं.

"माझाच आहे साहेब. दुरुस्तीला टाकायचा होता. सकाळी ठेवला, विसरलो."

घाडी टेबलापासून पाच पावलांवर होते. पास परत करायला त्यांना तिथं जावंच लागणार होतं. ते गेले. धोंडूनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यानं 'नंदू' म्हटलं नाही, आणि त्याचा अर्थ घाडींना तेव्हाच कळला होता. हे ते नंतर मान्य करतात. तेव्हा आपल्याला काही सुचलं नाही असं ते म्हणत नाहीत. सुचलं होतं. 'साहेब, तो माझा आहे, ह्यांचा दोष नाही' हे अख्खं वाक्य जिभेवर तयार होतं. पण त्याच्या पाठोपाठ निमेशभाईंचा चेहराही तयार होता, या इमारतीतलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकही, आणि दारातून आत जाऊ न शकणारा कागद पोचवणारा म्हणजे काय, हा प्रश्नही. त्यांनी पास टेबलावर ठेवला आणि गप्प उभे राहिले.

सर्वेशनं कॅमेरा हातात घेतला. पाठ पाहिली, पोट पाहिलं. यात फोटो कुठे दिसतात, असं धोंडूला विचारलं. धोंडूला काय ठाऊक. मग सर्वेशची बोटं डावीकडच्या गोल कळीवर गेली. ती वर ओढली की मागचं झाकण उघडतं. त्यानं ती अर्धी ओढली.

"साहेब, उघडू नका," घाडी म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. धोंडूनंही.

"आत रीळ आहे. उजेड लागला तर सगळं जाईल."

तुम्ही कोण, असं सर्वेशनं विचारलं. शहा अँड कंपनीकडून कागद द्यायला आलोय, घाडींनी सांगितलं. पूर्वी फोटो स्टुडिओत होतो म्हणून कळलं. आणि मग सर्वेशनं दुसरा प्रश्न विचारला.

"यांना ओळखता?"

"नाही."

इतकं स्पष्ट उत्तर घाडींनी आयुष्यात क्वचित दिलं असेल. एरवी ते 'नाही म्हणजे, तसं पाहिलं तर' असं बोलणारे गृहस्थ आहेत.

सर्वेशनं त्यांचे आभार मानले. खरोखर मानले. जाणकार माणूस वेळेवर भेटला म्हणाला. वर हेही विचारून घेतलं, की आतल्या फोटोंत इमारतीचा फोटो असेल का. घाडींनी कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा आकडा दाखवून सांगितलं, एकतीस झालेत, पण धुतल्याशिवाय कळणार नाही, आणि हल्ली धुणारे फार राहिले नाहीत. एवढा खटाटोप कोण करणार. सर्वेशनं आपल्या मोबाइलवर कॅमेऱ्याचा एक फोटो काढला, पुरावा म्हणून, आणि वस्तू धोंडूकडे देऊन त्याला एजन्सीच्या ऑफिसात जायला सांगितलं. घाडी शिक्क्याची प्रत घेऊन बाहेर पडले. प्रत व्यवस्थित होती.

संध्याकाळी साडेसहाला धोंडू भटवाडीत आला. कॅमेरा त्यानं डब्याच्या पिशवीत, मफलरमध्ये पुन्हा नीट गुंडाळून आणला होता. घाडींच्या बायकोनं, कुंदावहिनींनी, चहा टाकला. त्यांना वाटलं, मंडळाच्या वर्गणीचं काही असेल. धोंडूनं पिशवी पुढे केली आणि एवढंच विचारलं, "रीळ वाचला मां?"

घाडी हो म्हणाले. मग धोंडूनं सांगितलं, की एजन्सीनं नोकरी ठेवली आहे, स्वतःची वस्तू विसरून ठेवली एवढाच ठपका आहे, पण चकाल्यातून काढून देवनारला टाकलंय. डम्पिंगच्या फाटकावर. उद्यापासून. हे त्यानं अशा स्वरात सांगितलं, की वहिनींना वाटलं बढती झाली. चहा पिऊन तो उठला. दारात चपला घालताना त्याला खोकला आला. धोंडूला दमा आहे. खोकला नवीन नव्हता. नवीन एवढंच, की घाडींना तो ऐकू आला.

पुढचे तीन आठवडे घाडींनी कॅमेरा घरी ठेवला. बॅग हलकी झाली, दारं पटापट उघडू लागली. मेट्रोतल्या मुलीनं विचारलं, काका, आज नाही आणला? त्यांनी मान हलवली. चकाल्याला आता दुसरा वॉचमन होता, उत्तरेकडचा, नियमाला पक्का. तिथं सर्वेश मात्र घाडींना पाहून हसायचा. एकदा त्यानं त्यांना कॉफी देवविली आणि कुठला कॅमेरा घ्यावा याबद्दल सल्ला विचारला. ज्या दारापाशी आपण खोटं बोललो तिथं आपली किंमत वाढलेली पाहणं ही शिक्षा कुठल्या धर्मशास्त्रात नोंदली आहे की नाही, माहीत नाही. घाडींनी ती कॉफी संपवली. न संपवता ठेवली असती तर कारण द्यावं लागलं असतं.

एका रविवारी ते कुणाला न सांगता देवनारला गेले. लांबूनच पाहिलं. कचऱ्याच्या गाड्या ओळीनं आत शिरत होत्या, प्रत्येक गाडीमागे धूळ उठत होती, आणि फाटकाशी तोंडाला रुमाल बांधून धोंडू नंबर लिहून घेत होता. बसायला त्याच्याजवळ एक खुर्ची होती, पाठ तुटलेली. आणखी दोन वर्षं काढली की तो गावाला जाणार होता. मुलीचं, जान्हवीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. ती कमवायला लागली की निळा शर्ट उतरवायचा, असं त्यानं मंडळात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. घाडी वीस मिनिटं रस्त्यापलीकडे उभे राहिले आणि परत आले.

त्या रात्री जेवताना त्यांनी कुंदावहिनींना सगळं सांगितलं. वहिनी भटवाडीतच वाढलेल्या, बोलायला सरळ. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे त्याच्यासाठी तोंड उघडलं नाही, आणि खुर्च्यांसाठी उघडलं."

घाडींनी जे तीन आठवडे स्वतःशी लांबवून-लांबवून मांडलं होतं, ते इतक्या थोडक्यात झालं.

जाऊन कबूल करावं असं दोघांनाही वाटत होतं, पण आमच्याकडे अशी गोष्ट माणसाच्या मनावर सोडत नाहीत. देवाला विचारतात. वाडीतल्या देवळात दत्ताराम गुरव अजून कौल लावतो: मूर्तीला फुलाच्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा, उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हल्ली मुंबईकरांसाठी हे व्हिडिओ कॉलवर होतं. दत्तारामानं फोन समईला टेकवून उभा केला आणि गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, तुझो लेकरू मुंबयसून इचारता हा, खरा बोलूचा काय नाय, तुज्या पदरात घालतंय. घाडी हात जोडून बसले. मधे एकदा नेटवर्क गेलं आणि देव चौकोनी-चौकोनी झाला. परत आला तोवर उजवी कळी खाली पडली होती. ती आपोआप पडली की फोन टेकवताना, हे विचारायचं धैर्य कुणाला झालं नाही.

देवाला विचारलं होतं, खरं बोलू का. देवानं तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. बोललो तर कुणाचं काय होईल, हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि धोंडूला तर काहीच नव्हतं विचारलं.

एजन्सीचं ऑफिस साकीनाक्याला दुसऱ्या मजल्यावर होतं. घाडींनी स्वच्छ अक्षरात दीड पानाचा अर्ज लिहून नेला: कॅमेरा माझा, दीड वर्षं आठवड्यातून दोनदा मीच ठेवायला देत होतो, धोंडू पाताडे यांनी केवळ गाववाला म्हणून सांभाळला, मला वाचवण्यासाठी स्वतःचा म्हणून सांगितला, त्यांचा काही दोष नाही, त्यांना मूळ जागी पाठवावं. समीक्षा नावाच्या बाईंनी तो उभ्या-उभ्या वाचला. मग दुसऱ्यांदा बसून वाचला. घाडींना वाटलं, बाईंना भरून आलं. बाईंनी प्रतीवर 'मिळाले' असा शिक्का मारून दिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के आणले. हा पहिला स्वतःच्या कागदावरचा. जिना उतरताना त्यांना फार हलकं वाटलं. त्या हलकेपणाची त्यांना आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

आठ दिवसांनी धोंडूला कामावरून काढलं.

हिशेब सरळ होता, आणि कागदांत जन्म घालवलेल्या माणसाला तो आधी दिसायला हवा होता. पहिल्या फाइलीत लिहिलं होतं: स्वतःची वस्तू, विसराळूपणा, एक वेळ. आता घाडींच्या अक्षरात, शिक्क्यासकट, लिहिलेलं होतं: बाहेरच्याची वस्तू, मनाई असलेली, दीडशे वेळा, आणि अधिकाऱ्यासमोर खोटा जबाब. एजन्सीनं ते चकाल्याला कळवलं, चकाल्यानं एजन्सीला कळवलं. घाडींना त्या इमारतीत बंदी झाली. टॅबवर काढलेला त्यांचा फोटो छापून टेबलामागे चिकटवला आहे म्हणतात. निमेशभाई दोन दिवस कुरकुरले, मग चकाल्याची डिलिव्हरी दुसऱ्याला दिली आणि घाडींना बाकीची दारं ठेवली. म्हणजे गुन्हा ज्याचा होता त्याला एक इमारत कमी झाली, आणि ज्याचा नव्हता त्याला सगळ्याच.

हे घाडींना मंडळाच्या एकाकडून कळलं. त्याच संध्याकाळी ते भांडुपला गेले. टेकडीवरची चाळ, पायऱ्या चढून धाप लागली. धोंडू घरातच होता, बनियनवर, टीव्ही बंद. जान्हवीनं दार उघडलं, पाणी दिलं आणि आत गेली. घाडींनी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली: मला वाटलं होतं, देवाचा कौल होता, मी तर तुझ्या भल्यासाठी.

धोंडूनं ऐकून घेतलं. तो रागावला असता तर घाडींना सोपं गेलं असतं.

"बोलूक व्हया होता तेवा गप रवलस," तो म्हणाला. "गप रवाक व्हया होता तेवा बोललस. नि ह्या दोनांच्या मधी एक फोन करूक तुका सुचला नाय?"

नव्हता सुचला. तीन आठवडे घाडींनी बायकोशी, देवाशी, स्वतःशी बोलून घेतलं. ज्याची नोकरी होती त्याच्याशी सोडून. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती, असं त्यांनी सांगितलं. धोंडू म्हणाला, तुझी लाज राहिली, माझी नोकरी गेली. मग, देवनारला मला बरं चाललं होतं, असंही म्हणाला. ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं, पण धोंडू घाडींसाठी खोटं बोलण्यात सरावलेला होता.

 मग धोंडूनं टीव्हीवरून एक छापील फॉर्म काढला. मुलुंडला एक नवीन एजन्सी माणसं घेतेय, हॉस्पिटलच्या फाटकासाठी. फॉर्म इंग्रजी-मराठीत आहे, जान्हवीचं अक्षर घाईचं, तू भर.

घाडींनी चष्मा लावला. नाव, पत्ता, वय भरलं. वय धोंडूनं तीन वर्षांनी कमी सांगितलं. त्यांनी ते तसंच लिहिलं. 'पूर्वीची नोकरी सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी ते थांबले. धोंडू त्यांच्याकडे बघत राहिला.

"काय लिहू?"

"तू सांग," धोंडू म्हणाला. "तुका खरा लिवची सवय लागली हा."

घाडींनी लिहिलं: घरगुती अडचण. दम्याचं लिहिता आलं नसतं. फाटकावर दमेकरी कोण घेईल. खाली एक रकाना होता, उमेदवाराला किमान पाच वर्षे ओळखणाऱ्या व्यक्तीचे नाव व फोन. धोंडूनं काही सांगितलं नाही. घाडींनी विचारलंही नाही. आपलं नाव लिहिलं, नंबर लिहिला, 'किती वर्षांपासून' समोर पंचावन्न लिहिलं आणि सही केली. जान्हवीनं चहा आणला. घाडींना दिला तो कप बिनसाखरेचा होता. चूक की मुद्दाम, हे त्यांनी विचारलं नाही. प्यायले.

फोन सहा दिवसांनी आला. घाडी तेव्हा जीएसटीच्या ऑफिसात रांगेत उभे होते. समोरून भाविका नावाची मुलगी बोलत होती, नवीन एजन्सीतून, घाईत. पार्श्वभूमीला आणखी तीन मुली असेच फोन करत होत्या.

"धोंडू पाताडेंना ओळखता का तुम्ही?"

"ओळखतो," घाडी म्हणाले. आणि मग थांबेचनात. एका वाडीतले आहोत, चौथीपर्यंत एका बाकावर होतो, त्याचे वडील गिरणीत होते, तो कधी कुणाच्या सुतळीला हात लावणार नाही, त्याच्याकडे ठेवलेली वस्तू जशीच्या तशी परत मिळते, हे मी स्वतः. इथं ते अडखळले. रांगेतले लोक वळून बघत होते. भाविका म्हणाली, काका, एवढं नको, हो किंवा नाही एवढंच टिक करायचंय.

मग तिनं विचारलं, की आधीची नोकरी घरगुती अडचणीमुळे सोडली, हे बरोबर आहे का. घाडी हो म्हणाले. पोलिसांची किंवा कंपनीची काही तक्रार? नाही. तब्येत ठीक? एकदम ठीक.

"बरं. अजून काही सांगायचंय तुम्हाला त्यांच्याबद्दल?"

रांग एक पाऊल पुढे सरकली. घाडी सरकले नाहीत. मागच्या माणसानं त्यांच्या खांद्याला हात लावला.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही."